‘जिवाला धोका’ म्हणजे नेमका कधी?

गर्भारपणाचा सतरावा आठवडा. पाठीत कळा येतात म्हणून ३१ वर्षांची एक तरुणी रविवारी रुग्णालयात येते. तपासल्यावर कळते की गर्भपिशवीचे तोंड उघडू लागले आहे आणि गर्भ टिकण्याची आशा उरलेली नाही. मध्यरात्रीनंतर तिचे पाणी जाते. प्रसूती विभागात काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला हे चित्र ओळखीचे आहे आणि पुढे काय करायचे यातही फारसे दुमत नसते. बाईला आणि घरच्यांना परिस्थिती नीट समजावून सांगायची, जंतुसंसर्गाच्या खुणांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे आणि तिची तयारी असेल तर औषधे देऊन गर्भपिशवी रिकामी करायची. मूल गेल्याचे दुःख मोठेच असते, पण आई बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत घरी जाते.

ही तरुणी घरी गेली नाही. तो दिवस होता २१ ऑक्टोबर २०१२, गाव आयर्लंडमधले गॉलवे आणि तरुणीचे नाव सविता हलप्पनवार. आपल्या बेळगावची मुलगी, दंतवैद्यकाचे शिक्षण घेतलेली. मंगळवारी तिने आणि तिच्या पतीने डॉक्टरांना विनंती केली की मूल वाचणार नसेल तर हा त्रास आता थांबवा. उत्तर मिळाले की गर्भाचे ठोके अजून चालू आहेत आणि तुमच्या जिवाला आत्ता धोका दिसत नाही, त्यामुळे कायद्याने तसे करता येत नाही. हा कॅथलिक देश आहे, असेही एका परिचारिकेने तिला समजावण्याच्या ओघात सांगितले. पुढे चौकशीत तिने ते कबूल केले. बुधवारी सकाळी संसर्ग रक्तात पसरल्याचे निदान झाले. त्या दुपारी मृत गर्भ आपोआप बाहेर पडला, पण तोवर सविताची प्रकृती ढासळली होती. रविवारी, २८ ऑक्टोबरला, अतिदक्षता विभागात तिचा मृत्यू झाला.

भारतातल्या जिल्हा रुग्णालयातही जो उपचार नेहमीचा मानला जातो, तो युरोपातल्या एका सधन देशात, शिक्षण रुग्णालयात, मागूनही का मिळाला नाही? याचे अर्धे उत्तर वैद्यकशास्त्रात आहे आणि अर्धे १९८३ सालच्या राजकारणात.

घटनेत शिरलेले एक वाक्य

आयर्लंडमध्ये गर्भपात आधीपासूनच गुन्हा होता. ब्रिटिश संसदेने १८६१ मध्ये केलेला कायदा तिथे स्वातंत्र्यानंतरही तसाच चालू राहिला. आपल्या भारतीय दंड संहितेतली १८६० ची कलमे याच काळातली, त्याच राज्यकर्त्यांनी केलेली. म्हणजे सुरुवात दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. फरक पुढे पडला. आपण १९७१ मध्ये त्यातून वाट काढली, आयर्लंडने १९८३ मध्ये ती वाट घटनेतच बुजवून टाकली.

त्यामागे भीती होती. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने विवाहित जोडप्यांचा संततिनियमनाच्या साधनांचा हक्क मान्य केला. उद्या आपलेही न्यायाधीश अमेरिकेसारखा निकाल देतील, असे तिथल्या सनातनी मंडळींना वाटू लागले. न्यायालयाचा रस्ता बंद करायचा तर घटनाच बदलली पाहिजे, या विचाराने १९८१ मध्ये मोहीम सुरू झाली. राजकीय हवा तिला अनुकूल होती. जून १९८१ ते नोव्हेंबर १९८२ या अवघ्या दीड वर्षात देशात तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. प्रत्येक मत मोलाचे होते. दोन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांनी, चार्ल्स हॉही आणि गॅरेट फिट्झगेराल्ड यांनी, घटनादुरुस्तीचे आश्वासन देऊन टाकले. मसुद्याची शब्दरचना संदिग्ध आहे, असा इशारा खुद्द महाधिवक्त्यांनी दिला होता. तो ऐकला गेला नाही. ७ सप्टेंबर १९८३ च्या सार्वमतात ६६.९ टक्के मतांनी आठवी घटनादुरुस्ती मंजूर झाली.

तिचा आशय असा: न जन्मलेल्या जिवाला जगण्याचा हक्क आहे आणि आईच्या तितक्याच हक्काचा मान राखून राज्य त्याचे रक्षण करील. कागदावर हे समतोल वाटते. पण रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरच्या हातात ते तराजू देते, आणि पारडे चुकले तर समोर तुरुंग असतो.

नऊ वर्षांनी हा तराजू एका १४ वर्षांच्या मुलीच्या वाट्याला आला. बलात्कारातून तिला दिवस गेले होते. आईवडील तिला इंग्लंडला घेऊन गेले, तर सरकारने न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला. मुलगी आत्महत्येच्या विचारात होती. देशभर संताप उसळला. मार्च १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आत्महत्येच्या धोक्यासह आईच्या जिवाला खरा आणि मोठा धोका असेल तर गर्भपात कायदेशीर ठरतो. मात्र हा धोका कसा ठरवायचा, कोणी ठरवायचा, हे सांगणारा कायदा संसदेने करायचा होता. तो पुढची २१ वर्षे झालाच नाही. प्रत्येक सरकारने हा निखारा पुढच्या सरकारच्या ओंजळीत टाकला.

मधल्या काळात बायका काय करत होत्या? जहाजाने, विमानाने इंग्लंडला जात होत्या. त्याच वर्षी झालेल्या आणखी एका सार्वमताने परदेशी जाण्याची मोकळीक दिली होती. २००१ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात करून घेताना ६,६७३ स्त्रियांनी आयर्लंडचा पत्ता दिला. २०१६ मध्येही हा आकडा ३,२६५ होता, म्हणजे रोज सुमारे नऊ. देशात गर्भपात नाहीत हे समाधान अशा रीतीने शेजारच्या देशाच्या दवाखान्यांवर उभे होते. जिच्यापाशी पैसा, पासपोर्ट आणि रजा होती तिच्यासाठी कायदा हा एक त्रासदायक प्रवास होता. जी रुग्णालयात खाटेवर पडून होती तिला तो प्रवासही शक्य नव्हता.

रोग कायद्याची वाट पाहत नाही

आता वैद्यकाचा भाग. गर्भाभोवतीची पिशवी फुटेपर्यंत जंतूंना आत जायला अडसर असतो. ती फुटली की योनिमार्गातले जंतू वर चढू शकतात. गर्भ, वार आणि उरलेले गर्भजल यांत ते भराभर वाढतात. अशा वेळी नुसती प्रतिजैविके पुरत नाहीत, कारण संसर्गाचे मूळ आतच राहते. गळवातला पू काढल्याशिवाय ताप उतरत नाही, तसेच हे आहे. मूळ काढले नाही तर जंतू आणि त्यांची विषे रक्तात उतरतात, नाडी वेगाने चालते, श्वास वाढतो, रक्तदाब पडतो आणि एकेक अवयव काम थांबवू लागतो. यालाच सेप्सिस म्हणतात. तरुण, धडधाकट बाईचे शरीर बराच वेळ तग धरते आणि म्हणूनच फसवते. ती बोलत असते, चालत असते आणि काही तासांत कोसळते. सविताच्या रक्तात ई. कोलाय या जंतूचा औषधांना दाद न देणारा प्रकार सापडला.

इथे ‘प्रकृतीला धोका’ आणि ‘जिवाला धोका’ या दोन शब्दप्रयोगांतला फरक जीवघेणा ठरतो. आयर्लंडचा कायदा फक्त दुसरा ओळखत होता. पण पाणी गेलेल्या बाईच्या बाबतीत पहिला धोका कधी दुसऱ्यात बदलला, हे घड्याळ लावून सांगता येत नाही. कायद्याला रेषा हवी असते. शरीरात मात्र उतार असतो. अपेंडिक्स सुजलेल्या रुग्णाला ‘फुटेल तेव्हा शस्त्रक्रिया करू’ असे आपण सांगत नाही. आठव्या दुरुस्तीखाली प्रसूतितज्ज्ञांवर नेमकी तशी पाळी आली होती.

सविताच्या मृत्यूच्या न्यायिक चौकशीत डब्लिनच्या राष्ट्रीय प्रसूती रुग्णालयाचे माजी प्रमुख डॉ. पीटर बॉयलन यांनी साक्ष दिली. सोमवारी किंवा मंगळवारी गर्भ काढला असता तर ती बहुधा वाचली असती, पण तेव्हा ते कायद्यात बसत नव्हते. ते कायद्यात बसू लागले तोवर उशीर झाला होता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या सगळ्या प्रकरणाचे निदान यापेक्षा थोडक्यात करता येणार नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुरुस्तीचे समर्थक म्हणत होते की ती कायद्याने नव्हे, हलगर्जीपणाने गेली. हलगर्जीपणा झाला होता, यात शंका नाही. दाखल होताना केलेल्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. त्या अहवालाकडे वेळेत पाहिले गेले नाही. नाडी-तापाच्या नोंदी ठरल्या वेळी झाल्या नाहीत. तिथल्या आरोग्य नियामक संस्थेने हातून निसटलेल्या १३ संधी मोजून दाखवल्या. पण आरोग्य सेवेने नेमलेल्या चौकशीचे अध्यक्ष, नामवंत प्रसूतितज्ज्ञ प्रा. सबरत्नम अरुलकुमारन यांनी २०१७ मध्ये संसदीय समितीपुढे स्पष्ट सांगितले की डॉक्टरांचे हात कायद्याने बांधले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. वेळीच गर्भपिशवी रिकामी झाली असती तर त्या निसटलेल्या नोंदींची किंमत एवढी मोजावी लागली नसती. चुका प्रत्येक रुग्णालयात होतात. त्या झाल्या तरी रुग्ण वाचावा, एवढी मोकळी जागा उपचारात असावी लागते. ती जागा कायद्याने काढून घेतली होती.

बदलणारा देश

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘आयरिश टाइम्स’ने ही बातमी छापली आणि हजारो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. पण एका मृत्यूने देश बदलला असे म्हणणे सोपे आहे, पुरेसे नाही. जमीन बरीच आधीपासून सरकत होती. १९८५ मध्ये प्रौढांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय निरोध विकत घेता येऊ लागला. १९९५ मध्ये घटस्फोटाला मान्यता मिळाली, तीही जेमतेम ९ हजार मतांच्या फरकाने. चर्चच्या संस्थांमध्ये मुलांवर झालेल्या अत्याचारांचे अहवाल २००५ आणि २००९ मध्ये आले. टूअम गावातल्या अविवाहित मातांच्या आश्रमात दगावलेल्या ७९६ मुलांची नावे एका स्थानिक अभ्यासक बाईने शोधून काढली, ते २०१४ मध्ये जगासमोर आले. नीतीचे धडे देणाऱ्यांचा अधिकारच डळमळला. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला ६२ टक्के लोकांनी कौल दिला.

राजकारणी मात्र लोकांच्या मागूनच चालत होते. २०१३ मध्ये अखेर कायदा झाला, तोही दोरीवरून चालणारा. शारीरिक आजारासाठी दोन डॉक्टरांची संमती, आत्महत्येच्या धोक्यासाठी तीन डॉक्टरांची आणि बेकायदा गर्भपाताला १४ वर्षांपर्यंत कैद. ‘प्रकृतीला धोका’ हा शब्दप्रयोग त्यातही नव्हता. २०१४ च्या डिसेंबरात एका गर्भवतीचा मेंदू मृत झाला. गर्भ जेमतेम १५ आठवड्यांचा होता, तरी कायद्याच्या धाकाने डॉक्टरांनी यंत्रे बंद केली नाहीत. तिच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावे लागले आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी न्यायालयाने यंत्रे काढायला परवानगी दिली.

त्या वेळी आरोग्यमंत्री होते लिओ वराडकर. ते स्वतः डॉक्टर, वडीलही डॉक्टर, आणि मूळ गाव आपल्या मालवण तालुक्यातले वराड. राजकारणात नवखे असताना ते स्वतःला गर्भपातविरोधी म्हणवत. आरोग्यमंत्री म्हणून त्यांनी २०१४ मध्ये संसदेत मान्य केले की हे निर्बंध फार कडक आहेत आणि डॉक्टरांवर त्यांची दहशत आहे. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि सार्वमत जाहीर झाले.

त्याआधी एक वेगळा प्रयोग झाला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेले ९९ सामान्य नागरिक आणि अध्यक्षस्थानी एक न्यायाधीश, अशी नागरिक सभा भरवली गेली. गृहिणी, कामगार, निवृत्त माणसे कित्येक शनिवार-रविवार एकत्र बसली. त्यांनी डॉक्टर, वकील, नीतितज्ज्ञ, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते आणि स्वतः हे सोसलेल्या स्त्रिया, सगळ्यांचे ऐकले. अखेरीस त्यांनी कोणत्याही पुढाऱ्याच्या अंदाजापेक्षा मोकळी शिफारस केली. नेत्यांना जे धाडस झाले नाही ते शांतपणे माहिती ऐकलेल्या शंभर माणसांना झाले.

प्रचारात सर्वाधिक परिणाम घोषणांचा नव्हे, हकिकतींचा झाला. जन्मताच दगावणार हे नक्की असलेला गर्भ पोटात घेऊन लिव्हरपूलला गेलेल्या आईबापांनी आपल्या बाळाची रक्षा घरी कशी आली ते जाहीरपणे सांगितले. तीस-चाळीस वर्षे गप्प राहिलेल्या आज्या बोलल्या. परदेशी गेलेली तरुण मुले मुद्दाम मतदानासाठी विमानाने परतली. २५ मे २०१८ रोजी ६६.४ टक्के लोकांनी आठवी दुरुस्ती काढून टाकली. जितक्या बहुमताने ती आणली होती, जवळजवळ तितक्याच बहुमताने. ४० मतदारसंघांपैकी फक्त डोनेगॉलने विरोधी कौल दिला. ग्रामीण भागही बाजूने होता. डब्लिनच्या एका भिंतीवर सविताचे चित्र रंगवले होते. लोकांनी त्याभोवती चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यांतल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर फक्त ‘माफ कर’ एवढेच होते.

कायदा बदलल्यावर

१ जानेवारी २०१९ पासून सेवा सुरू झाली. बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता, पण तीन दिवस थांबून. त्यानंतर आईच्या जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका असेल, किंवा गर्भ जगण्याची शक्यताच नसेल तर. इंग्लंडला जाणाऱ्यांची संख्या २०१८ मधल्या २,८७९ वरून पुढच्या वर्षी ३७५ वर आली. देशात २०१९ मध्ये ६,६६६ गर्भपातांची नोंद झाली, तर २०२३ मध्ये १०,०३३. विरोधक या वाढीकडे बोट दाखवतात, आणि मत न पटलेला एक तृतीयांश समाज तिथे आजही आहे. समर्थक म्हणतात की काही भागांत ही सेवा देणारे डॉक्टर अजूनही मिळत नाहीत. वाद संपलेला नाही. पण पाणी गेलेल्या बाईला आता मरणाच्या दारापर्यंत थांबावे लागत नाही.

हा धडा सगळीकडे घेतला गेलेला नाही. पोलंडमध्ये २०२० च्या निकालाने कायदा आणखी आवळला. पुढच्याच वर्षी २२ आठवड्यांची गर्भवती असलेली ३० वर्षांची तरुणी पाणी गेल्यावर, ठोके थांबण्याची वाट पाहिली जात असताना, सेप्सिसने गेली. अमेरिकेत टेक्सासमध्ये १८ आठवड्यांना पाणी गेलेल्या एका स्त्रीवर सेप्सिस झाल्यावरच उपचार झाले. ती बचावली आणि राज्याविरुद्ध न्यायालयात गेली. २०२४ मध्ये निकाल विरोधात लागला. पण २०२५ मध्ये त्याच सनातनी विधिमंडळाला वैद्यकीय अपवाद स्पष्ट करणारा कायदा करावा लागला. देश वेगळे, धर्मपंथ वेगळे, आजार मात्र तोच आणि कायद्यातली फटही तीच.

आपल्या दारात

आपला १९७१ चा कायदा ज्या समितीच्या अहवालातून आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. या कायद्यात जिवाबरोबर शारीरिक आणि मानसिक प्रकृतीलाही स्थान आहे. विसाव्या आठवड्यापर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तर आठवड्यांची मर्यादाही आड येत नाही. सविता बेळगावात असती तर मंगळवारी तिच्यावर उपचार झाले असते.

तरी हुरळून जाऊ नये. आपल्याकडे भीती कायद्याच्या शब्दांतून कमी आणि आजूबाजूच्या वातावरणातून जास्त येते. गर्भलिंगनिदानाची चौकशी मागे लागेल, अल्पवयीन मुलगी असेल तर पोलीस येतील, म्हणून कायद्यात बसणारी केसही ‘पुढे मोठ्या रुग्णालयात दाखवा’ म्हणून पाठवली जाते. त्या प्रवासात तास जातात, आणि सेप्सिसला तेवढेच पुरतात.

म्हणून वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. गर्भारपणात कोणत्याही महिन्यात पाण्यासारखा स्राव झाला तर घरी वाट पाहू नये. त्यासोबत ताप, थंडी, दुर्गंधी, पोट दुखणे, धाप किंवा छातीत धडधड असेल तर रात्र असली तरी निघावे. पहिला डॉक्टर पुढे पाठवत असेल तर त्याच्याकडून निदान, वेळ आणि दिलेली औषधे लिहून घ्यावीत. आणि दाखल झाल्यावर डॉक्टरांना नम्रपणे, पण स्पष्ट विचारावे: ‘आपण नेमकी कशाची वाट पाहतो आहोत, आणि कुठवर?’ सविताच्या पतीला या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्या रुग्णालयात कुणी मोकळे नव्हते. आपल्या डॉक्टरला कायद्याने ते उत्तर देता येते. ते मागून घ्या.